बिशप राजाचा, शिक्का पोपचा

नाताळ जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला आणि त्यातल्या एकावर तर इतिहास शिकवलेल्या माणसानेच टाकला. मजकूर साधारण असा: “हजार वर्षं युरोपचा प्रत्येक राजा पोपच्या पायाशी होता. सम्राटाला कॅनोसाच्या बर्फात नाक घासावं लागलं. पोप म्हणेल तो बिशप, पोप म्हणेल तो कायदा. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला दुसरं लग्न करायचं होतं म्हणून त्याने पहिल्यांदा बंड केलं. बाकीचे कॅथलिक राजे शेवटपर्यंत रोमचे ताबेदार राहिले. गोव्यातलं इन्क्विझिशनही पोपच्याच हुकमाने आलं.” खाली नेहमीप्रमाणे ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’.

मेसेजमधला हा पोप काल्पनिक नाही. तो फक्त चुकीच्या शतकात नेऊन बसवलाय. जगभरातले बिशप स्वतः नेमणारा, ज्याच्या फर्मानाला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही असा पोप १८७० ची व्हॅटिकन परिषद आणि १९१७ ची चर्चची कायदेसंहिता यांच्यानंतरचा. त्याआधीची कित्येक शतकं बिशप कोणी ठरवायचा यावरून राजे आणि रोम यांची रस्सीखेच चालू होती, आणि त्यातली शेवटची तीन-साडेतीनशे वर्षं दोर बहुतेक वेळा राजांच्याच हातात होता. आता एकेक वाक्य घेऊ.

“सम्राटाला कॅनोसाच्या बर्फात नाक घासावं लागलं.”

लागलं. जानेवारी १०७७, इटलीतला कॅनोसाचा किल्ला. चौथा हेन्री हा जर्मन राजा तीन दिवस दारात उभा, आत पोप सातवा ग्रेगरी. भांडण हेच होतं, बिशपला त्याच्या पदाची चिन्हं, म्हणजे अंगठी आणि हातातली काठी (दंड), कोणी द्यायची. पण मेसेज लिहिणारा मध्यंतरालाच उठून गेलेला दिसतो. १०८० मध्ये ग्रेगरीने हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केलं. या वेळी हेन्री दारात उभा राहिला नाही. फौज घेऊन त्याने १०८४ मध्ये रोम घेतलं, आपल्या मर्जीतला पोप बसवला आणि त्याच्याच हातून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला. ग्रेगरीला नॉर्मनांच्या आश्रयाने रोम सोडावं लागलं आणि पुढच्या वर्षी तो सालेर्नोला वारला. प्रश्न मिटला ११२२ मध्ये वर्म्सच्या करारात, तोही तडजोडीने. अंगठी आणि दंड चर्चने द्यायचा, जहागिरीचं राजचिन्ह सम्राटाने. शिवाय जर्मनीत बिशपची निवड सम्राटाच्या समोर व्हायची. निवडणूक समोर बसून बघणाऱ्या सम्राटाच्या मनातला उमेदवार कितीदा पडला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

“प्रत्येक राजा पायाशी.”

एक राजा खरोखर होता, आणि मेसेजवाल्याच्या हाती तो लागला नाही याचं मला नवल वाटतं. इंग्लंडच्या जॉनने १२१३ मध्ये आपलं राज्य पोपला अर्पण करून मांडलिक म्हणून परत घेतलं आणि वर्षाला १००० मार्कांची खंडणी कबूल केली. पण १३६६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने ती खंडणी साफ नाकारली. त्याच्याही आधी १३५१ आणि १३५३ मध्ये दोन कायदे झाले होते: पोपने इंग्लंडमधल्या चर्चच्या जागांवर परस्पर माणसं नेमू नयेत आणि इथले दावे रोमच्या कोर्टात नेऊ नयेत. म्हणजे आठव्या हेन्रीच्या आधी पावणेदोनशे वर्षं.

फ्रान्समध्ये चौथ्या फिलिपची गोष्ट आणखी उघडीवाघडी आहे. आपल्या परवानगीशिवाय धर्मगुरूंवर कर बसवू नका, असं पोप आठव्या बोनिफेसने १२९६ मध्ये बजावलं. फिलिपने फ्रान्सबाहेर सोनं-चांदी न्यायलाच बंदी केली. रोमचा पैशाचा ओघ आटला आणि वर्षभरात पोपने माघार घेतली. भांडण पुन्हा पेटलं तेव्हा, १३०२ मध्ये, बोनिफेसने ते प्रसिद्ध फर्मान काढलं: मोक्ष हवा असेल तर प्रत्येक मानवाने रोमच्या पोपच्या अधीन असलंच पाहिजे. पोपच्या सर्वसत्तेचा पुरावा म्हणून हे वाक्य नेहमी दाखवलं जातं. ते लिहून वर्ष उलटायच्या आत, सप्टेंबर १३०३ मध्ये, फिलिपच्या माणसांनी अनान्यी गावात पोपला त्याच्याच वाड्यात कैद केलं. गावकऱ्यांनी सोडवलं, पण महिनाभरात तो गेला. पुढे पोपची गादीच १३०९ मध्ये आव्हिन्यों इथे, फ्रेंच राजाच्या उशाशी आली आणि १३७७ पर्यंत तिथेच राहिली.

“पोप म्हणेल तो बिशप.”

हे वाक्य सगळ्यात जास्त चुकीचं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

१५१५ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने मारिन्यानोची लढाई जिंकली, मिलान घेतलं, आणि पुढच्याच वर्षी पोप दहाव्या लिओशी बोलोन्याचा करार केला. कराराने फ्रान्समधल्या १० आर्चबिशपांची, ८० हून जास्त बिशपांची आणि पाचशेहून अधिक मठाधिपतींची नावं सुचवण्याचा हक्क राजाला मिळाला. राजाने नाव द्यायचं, रोमने मान्यतेचा कागद धाडायचा. त्या बदल्यात पोपला काय? नव्या बिशपच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नातला वाटा, आणि बिशपांची धर्मपरिषद पोपहून श्रेष्ठ आहे हा फ्रेंचांचा १४३८ पासूनचा जाहीर हट्ट सुटला याचं समाधान. गंमत अशी की या कराराला पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, आणि विद्यापीठाने कडाडून विरोध केला. बिशप निवडण्याचा जुना हक्क स्थानिक चर्चच्या धर्मगुरुमंडळाचा होता, तो राजा आणि पोप यांनी मिळून गिळला अशी त्यांची तक्रार होती, आणि ती रास्त होती.

प्रत्यक्षात हे कसं चाले? आपल्याकडे वतन चालायचं तसं. ल्युसाँ नावाचा एक गरीबसा धर्मप्रांत राजाने रिशल्यू घराण्याला चाकरीची बक्षिसी म्हणून दिलेला होता. घरातला एक मुलगा मठात निघून गेला म्हणून धाकट्याला, शिकत होता लष्करी शिक्षण, त्याला बिशप केलं. १६०७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी. तोच पुढे कार्डिनल रिशल्यू, फ्रान्सचा कारभारी.

स्पेनने तर याहून वरची मजल मारली. १५०८ मध्ये पोप दुसऱ्या ज्युलियसने अमेरिकेतल्या सगळ्या चर्चचं पालकत्व स्पेनच्या राजाला देऊन टाकलं. तिथला दशमांश, म्हणजे चर्चसाठी घेतला जाणारा कर, आधीच १५०१ मध्ये, राजाला मिळाला होता. तिथे राजाच्या परवानगीशिवाय चर्च उभं राहायचं नाही, बिशप जायचा नाही, आणि पोपचं पत्रसुद्धा माद्रिदच्या इंडीज मंडळाने तपासून पुढे सोडल्याशिवाय लागू व्हायचं नाही. पोपच्या पत्राला राजाचा पास! मेसेजमधल्या ‘पोप म्हणेल तो कायदा’ला यापेक्षा मोठं उत्तर मला सुचत नाही.

आणि हा सगळा प्रकार जुनापुराणा होऊन संपला असंही नाही. १८२९ मध्ये पोप बारावा लिओ वारला तेव्हा लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये साडेसहाशेच्या आसपास बिशप होते. त्यातले साडेपाचशेच्या वर वेगवेगळ्या सरकारांनी नेमलेले होते. पोपने त्याच्या स्वतःच्या राज्याबाहेर थेट निवडलेले जेमतेम दोन डझन.

“आठव्या हेन्रीला दुसरं लग्न करायचं होतं.”

हवं होतं, यात वाद नाही. पण लग्न मोडून घेणं ही त्या काळच्या राजांना नवलाई नव्हती. फ्रान्सच्या बाराव्या लुईने १४९८ मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरकडून पहिलं लग्न रद्द करून घेतलं आणि ब्रिटनीच्या अ‍ॅनशी लग्न केलं. किंमतही उघड होती: पोपचा मुलगा सीझर बोर्जा दुसऱ्या लग्नाचा परवाना घेऊन फ्रान्सला आला आणि ड्यूक होऊन राहिला. खुद्द हेन्रीची बहीण मार्गारेट हिचं लग्न मार्च १५२७ मध्ये पोप सातव्या क्लेमेंटनेच रद्द केलं होतं. बहिणीला जमलं ते भावाला का नाही?

कारण मे १५२७. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं आणि क्लेमेंट सांत आंजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला. हेन्रीला सोडायची होती ती राणी कॅथरीन ही चार्ल्सची सख्खी मावशी. ज्याच्या सैन्याने आपल्याला कोंडलंय त्याच्या मावशीविरुद्ध निकाल कुठला पोप देईल? म्हणजे हेन्रीला नाही म्हणणारा रोमचा पोप हा त्या घटकेला दुसऱ्या एका कॅथलिक राजाच्या धाकात होता. मेसेजवाल्याने सांगितलेली गोष्ट इथे नेमकी उलटी होते.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. भांडण ऐन रंगात असताना, १५३३ च्या सुरुवातीला, हेन्रीने कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी थॉमस क्रॅनमरचं नाव पाठवलं. क्लेमेंटने रीतसर मान्यतेचे कागद धाडले. मार्चमध्ये क्रॅनमरला दीक्षा मिळाली आणि मेमध्ये त्याने हेन्रीचं लग्न रद्द ठरवून टाकलं. राजाचा माणूस, पोपचा शिक्का, आणि त्या शिक्क्याने पोपचंच काम तमाम.

१५३४ च्या कायद्याने हेन्री इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, तो मेसेजमध्ये नसतो कारण त्यात प्रेमप्रकरण नाही. नव्या बिशपांच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाचा रोमला जाणारा वाटा आता राजाच्या तिजोरीत. पुढच्या पाच-सहा वर्षांत आठशेच्या आसपास मठ बंद करून त्यांच्या जमिनी घेतल्या. आणि धर्म? १५३९ च्या कायद्याने मिस्सा, पापनिवेदन, धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य सगळं जसंच्या तसं कायम ठेवलं. ३० जुलै १५४० रोजी लंडनमध्ये एकाच दिवशी सहा जण मारले गेले: तीन प्रोटेस्टंट, पाखंडी म्हणून जाळले, तीन कॅथलिक, राजद्रोही म्हणून फाशी देऊन चिरले.

फ्रान्स आणि स्पेनच्या राजांनी बंड का केलं नाही, याचं उत्तरही इथेच आहे. नेमणुका आणि पैशाचा मोठा भाग त्यांना कराराने आधीच मिळाला होता. घरातल्या घरात वाटणी झाल्यावर वेगळं कोण निघेल?

“बाकीचे कॅथलिक राजे शेवटपर्यंत ताबेदार.”

१६६२ मध्ये रोममध्ये पोपच्या कॉर्सिकन शिपायांची आणि फ्रेंच वकिलातीच्या लोकांची मारामारी झाली. चौदाव्या लुईने त्यावरून पोप सातव्या अलेक्झांडरला असं वाकवलं की पोपच्या पुतण्या-कार्डिनलला फ्रान्सला जाऊन माफी मागावी लागली आणि खुद्द रोममध्ये त्या गुन्ह्याची साक्ष देणारा दगडी पिरॅमिड उभा करावा लागला. तो पाडायला १६६८ उजाडलं, लुईच्या परवानगीने.

१६८२ मध्ये फ्रेंच धर्मगुरूंच्या सभेने चार कलमं मंजूर केली, मसुदा बिशप बोस्युएचा. ऐहिक बाबतीत राजा कोणाच्याही अधीन नाही. परिषद पोपहून वरचढ. फ्रेंच चर्चच्या रूढी अबाधित. चर्चच्या संमतीशिवाय पोपचा निर्णय अंतिम नाही. आणि हाच लुई तीन वर्षांनी प्रोटेस्टंटांची सवलत रद्द करून त्यांना देशोधडीला लावतो. कॅथलिक म्हणून कट्टर आणि पोपशी उभा दावा, ही दोन्ही एका माणसात सुखाने नांदत होती.

इथे रोमच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. पोपकडे एक हत्यार होतं: सही न करणं. त्या सभेत बसलेल्यांना बिशप करायला पोप अकराव्या इनोसंटने नकार दिला आणि १६८८ पर्यंत फ्रान्सचे पस्तीस धर्मप्रांत बिशपविना पडले. १६९३ मध्ये लुईने ती कलमं सक्तीने शिकवण्याचा आग्रह सोडला तेव्हा कुठे कागद सुटले. हेच हत्यार पोर्तुगालवर चाललं. १६४० मध्ये स्पेनपासून वेगळं झालेल्या पोर्तुगालच्या नव्या राजाला रोमने जवळपास तीस वर्षं मान्यता दिली नाही, कारण स्पेन नाराज झाला असता. बिशप मरत गेले, जागा भरेनात. गोव्याची गादीही त्यात वर्षानुवर्षं रिकामी राहिली.

अठराव्या शतकात तराजू पुन्हा कलला. जेझुइटांना पोर्तुगालने १७५९ मध्ये, फ्रान्सने १७६४ मध्ये, स्पेनने १७६७ मध्ये हाकललं, आणि शेवटी या दरबारांच्या रेट्याने पोप चौदाव्या क्लेमेंटने १७७३ मध्ये पोपशी खास एकनिष्ठेची शपथ घेणारा हा संघच मोडीत काढला. संघ वाचला कुठे? रशियात आणि काही काळ प्रशियात, कारण ऑर्थोडॉक्स कॅथरीन आणि प्रोटेस्टंट फ्रेडरिक यांनी पोपचं फर्मान आपल्या राज्यात जाहीरच होऊ दिलं नाही. व्हिएन्नाच्या दुसऱ्या जोसेफने शेकड्यांनी मठ बंद केले. पोप सहावा पायस १७८२ मध्ये स्वतः त्याची समजूत घालायला व्हिएन्नाला गेला, हात हलवत परतला. कॅनोसाचं दार या वेळी दुसऱ्या बाजूने बंद होतं.

आणि ‘शेवटपर्यंत’ म्हणजे किती शेवट? १९०३ मध्ये, मोटारगाड्या धावायला लागल्यावर, नवा पोप निवडणाऱ्या बैठकीत क्राकूव्हचा कार्डिनल पुझिना उठला आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने कार्डिनल राम्पोल्ला यांना नकाराधिकार ऐकवला. निवडून आले दहावे पायस. त्यांनी पुढच्याच वर्षी तो अधिकार बंद केला.

“गोव्यातलं इन्क्विझिशन पोपच्या हुकमाने आलं.”

रोमला सोडून द्यायचं नाही. पोर्तुगालच्या इन्क्विझिशनला, म्हणजे पाखंड हुडकून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाला, १५३६ मध्ये परवानगी पोप तिसऱ्या पॉलनेच दिली. पण ती मागत होता, दबाव आणत होता तो राजा तिसरा जॉन. प्रमुख इन्क्विझिटर कोण? १५३९ पासून राजाचा सख्खा भाऊ, कार्डिनल हेन्री, जो पुढे १५७८ मध्ये स्वतःच पोर्तुगालचा राजा झाला. गोव्यात १५६० मध्ये न्यायासन बसलं ते याच हेन्रीने पाठवलेल्या माणसांचं. फ्रान्सिस झेवियरनेही १५४६ मध्ये गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितलं होतं, पण पत्र लिहिलं होतं राजाला. अर्ज कुठे करायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उलट १६७४ ते १६८१ या काळात पोर्तुगीज इन्क्विझिशनचं काम रोमनेच थांबवून ठेवलं होतं. गोव्यातलं आसन १७७४ मध्ये लिस्बनच्या पोंबाल या मंत्र्याने बंद केलं, १७७८ मध्ये दरबाराने पुन्हा उघडलं, १८१२ मध्ये पुन्हा दरबारानेच कायमचं मोडलं. चालू, बंद, चालू, बंद: प्रत्येक वेळी बटण राजवाड्यात.

गोव्याच्या चर्चचा सगळाच कारभार ‘पाद्रुआदो’खाली होता, म्हणजे पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेलं पालकत्व. राजाने चर्च बांधायची, धर्मगुरूंचे पगार द्यायचे. बिशपचं नाव त्याने द्यायचं, आणि पूर्वेला येणारा मिशनरी लिस्बनहून, त्याच्या परवानगीने यायचा. आर्चबिशप मेनेझेस तर १६०७ ते १६०९ गोव्याचा गव्हर्नरही होता.

रोमला हे जाचू लागलं, म्हणून १६२२ मध्ये ‘प्रोपगांडा फीदे’ हे मिशन-खातं निघालं. आता या दोघांच्या कात्रीत सापडलेला एक आपल्याकडचा माणूस बघा. दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो, ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. गोव्यात त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारली. तो रोमला गेला, तिथे दीक्षा घेतली, आणि १६३७ मध्ये प्रोपगांडाने त्याला थेट बिशप करून आदिलशाही मुलखासाठी पाठवलं. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मसत्तेने त्याला मानायला नकार दिला. पोपने नेमलेला बिशप, कॅथलिक राजाच्या गोव्यात अमान्य! तो डिचोलीला, म्हणजे मुसलमान आदिलशहाच्या हद्दीत, राहून काम करत होता. ‘पोप म्हणेल तो बिशप’ हे वाक्य त्याला ऐकवायला हवं होतं.

मुंबईत हे भांडण दोनशे वर्षं पुरलं. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून चर्चेस प्रोपगांडाच्या कार्मेलाइट बिशपकडे दिली, कारण पोर्तुगालच्या राजाचे चाकर त्यांना आपल्या बेटावर नको होते. १७९४ पर्यंत चर्चेसची वाटणी होऊन एका शहरात दोन धर्मसत्ता झाल्या. १८३८ मध्ये पोपने भारतातल्या ब्रिटिश मुलखातले बरेच हक्क पाद्रुआदोकडून काढून घेतले, तर गोव्याचे धर्मगुरू ते फर्मान मानेनात. बुधवारच्या नोव्हेनासाठी आज सगळ्या धर्मांचे लोक ज्या माहीमच्या सेंट मायकलला जातात, त्याच्या ताब्यावरून १८५३ मध्ये प्रोपगांडाचे बिशप हार्टमन आत अडून बसले होते आणि बाहेर पाद्रुआदोवाल्यांचा वेढा. शेवटी इंग्रज सरकारला मध्ये पडावं लागलं.

१८८६ च्या करारानेही दुहेरी अंमल संपला नाही. व्हिक्टोरियाच्या मुंबईतला आर्चबिशप नेमायचा तर तीन नावांची यादी लिस्बनला जाणार आणि पोर्तुगालचा राजा त्यातलं एक निवडणार, अशी तरतूद झाली. १९१० मध्ये पोर्तुगालचा राजा गेला, पाठोपाठ चर्चविरोधी प्रजासत्ताक आलं, पण हा हक्क काही त्यांनी सोडला नाही. १९२८ मध्ये ठरलं की मुंबईत आलटूनपालटून एक पोर्तुगीज आणि एक ब्रिटिश आर्चबिशप येईल. त्याप्रमाणे आधी लिमा आले, मग रॉबर्ट्स. हे संपलं १९५० मध्ये, स्वतंत्र भारतात, व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले तेव्हा. गोव्यात तर १९६१ नंतरही शेपूट उरलंच. पोर्तुगीज आर्चबिशप आल्व्हेर्नाझ १९६२ मध्ये गोवा सोडून गेले, पण कागदोपत्री ते १९७५ पर्यंत गोव्याचे आर्चबिशप होते.